पेपरात नाव टाकायचं का?

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढली जातात, ही बातमी 2019च्या उन्हाळ्यात आधी पेपरांत आणि मग टीव्हीवर आली. मी तेव्हा याच जिल्ह्यात बायकांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या एका लहान संस्थेत होते, आजही आहे. त्या काळात मुंबई-पुण्याहून, दिल्लीहून, परदेशातूनही फोन येत. बहुतेकांचं मागणं एकच असायचं : "ताई, एखादी केस मिळेल का? चाळिशीच्या आतली, कॅमेऱ्यासमोर बोलेल अशी." फोन करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. हा प्रश्न त्यांना राज्यासमोर आणायचा होता आणि आम्हालाही तेच हवं होतं. पण बातमी झाल्यावर पत्रकार परत जाणार होते आणि बाई त्याच गावात, त्याच सासरी, त्याच मुकादमाच्या टोळीत राहणार होती. तिच्या घरी जाऊन "बोलाल का?" असं विचारायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे यायचं. त्या कामातून जे कळलं ते इथे मांडते आहे, कारण पत्रकार आजही येतात आणि बायका आजही विचारतात, "ताई, सांगू का?"

ज्यांना हा प्रश्न जवळून माहीत नाही, त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडमधून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात, ती मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादम कोयत्याला उचल देतो, ती तोडणीतून फेडायची. एक दिवस काम बुडालं की खाडा, म्हणजे मजुरी तर गेलीच, वर दंड. फडाजवळ कोप्या घालून राहायचं. तिथे संडास नसतो, न्हाणीला आडोसा नसतो, पाणी लांबून आणावं लागतं. पाळीच्या दिवसांतही अंधारात उठून फडात जायचं, मोळ्या डोक्यावर वाहून गाडी भरायची. अंगावरून पांढरं जायला लागलं, कंबर-ओटीपोट दुखायला लागलं तरी बाई हंगाम संपेपर्यंत ते अंगावरच काढते. गावी परतल्यावर दवाखाना गाठते. तिथे सोनोग्राफी होते आणि अनेकींनी ऐकलेलं तेच वाक्य कानावर पडतं, की पिशवी खराब झाली आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल. बाई तिशी-पस्तिशीची असते, लेकरं झालेली असतात, नसबंदीही झालेली असते. आता पिशवीचं काम काय, पाळी गेली तर खाडा तरी पडणार नाही, असं घरचे म्हणतात आणि दुखण्याला कंटाळलेली तीही मान हलवते. ऑपरेशनसाठी व्याजानं पैसे काढले जातात आणि ते फेडायला पुढच्या हंगामाची उचल जाते.

हे सगळं आम्ही वर्षानुवर्षं ऐकत होतो. गावात बायकांना त्यात बातमी वाटण्यासारखं काही नव्हतं. "माझी काढली, जावंची काढली, आता नणंदेचा नंबर," असं भाकरी थापता थापता बोललं जायचं. काही जणी बाहेरच्या माणसांशी बोलल्या म्हणून ते जिल्ह्याबाहेर गेलं. जून 2019 मध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितलं, की तीन वर्षांत बीड जिल्ह्यात 4,605 गर्भाशयं काढली गेली. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. आरोग्य खात्याच्या सर्वेक्षणात ऊसतोड करणाऱ्या 82,309 बायकांशी बोलणं झालं आणि त्यांतल्या 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. साधारण सहा जणींमागे एक. खासगी दवाखान्यांना या ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं भाग पडलं. म्हणून बायकांनी गप्पच राहावं असं मी कधीही म्हणणार नाही. बोलण्यानं काय होतं, ते मी पाहिलं आहे.

त्याच वर्षी बोलण्याची किंमतही पाहिली. काही गावांची नावं छापून आली आणि पिशवी नसलेल्या बायकांचं गाव अशी त्यांची ओळख झाली. ज्यांनी कुणाशी अवाक्षर काढलं नव्हतं, त्या बायकांकडेही बाजाराच्या दिवशी लोक बघायला लागले. जी बोलली होती, तिला तर घरातही विचारणा झाली, गावातही झाली.

असं का होतं, हे समजायला तिच्या गोष्टीत कोण कोण आहे ते बघावं लागतं. दवाखान्यात नेणारी सासू आहे. व्याजानं पैसे काढणारा नवरा आहे. मुकादम आहे, आणि तो बहुधा त्याच गावचा, कधी भावकीतलाच असतो. डॉक्टर आहे. तालुक्याच्या ठिकाणी बायकांचे दवाखाने मोजकेच, उद्या लेकीचं बाळंतपण अडलं तर त्याच दारात जावं लागणार. आणि लेक आहे, तिची सोयरीक अजून जमायची आहे. "आईला हे झालं, लेकीचं काय?" असं एखाद्या पाहुण्यानं नुसतं विचारलं तरी घरात रात्रभर झोप लागत नाही. बाई कॅमेऱ्यापुढे स्वतःचं दुखणं सांगते, पण ऐकणारं गाव त्यात या सगळ्यांना ओळखतं. म्हणून आम्ही एखादीकडे बसतो तेव्हा पहिला प्रश्न तिच्या दुखण्याचा नसतो. हे छापून आल्यावर सगळ्यात आधी कोण दारात येईल, आणि त्याला तुम्ही काय सांगाल, इथून आम्ही सुरुवात करतो. याचं उत्तर बायकांकडे लगेच असतं. कुणाला सासूची भीती नसते पण दिराची असते. कुणाला मुकादमाचं काही वाटत नाही, कारण घरानं यंदा ऊसतोड सोडली आहे. ज्या भीतीनं मी स्वतः कचरले असते ती तिला नसते आणि जी माझ्या ध्यानातही येत नाही ती तिला पोखरत असते. तिच्या वतीनं हो म्हणण्याचा मला जसा अधिकार नाही, तसा तिच्या वतीनं घाबरण्याचाही नाही.

डोंगरपट्ट्यातली एक बाई मला नेहमी आठवते. वय तिशीच्या पुढे, दोन मुलं, पिशवी काढून काही वर्षं झालेली. एका वर्तमानपत्राची पत्रकार येणार होती आणि हिला बोलायचं होतं, नावासकट. कारण विचारलं तर म्हणाली, "माझ्या नणंदंला बी तेच सांगितलंय. तिनं तरी दुसऱ्या डॉक्टरला दाखवावं. म्या नुसतं सांगून घरात कुनी ऐकंना. पेपरात आलं तर ऐकतेल." तिचं कारण पक्कं होतं. मग दोन संध्याकाळी आम्ही बसून एकेक गोष्ट वेगळी काढली. नाव द्यायचं, हे तिनं ठरवलेलंच होतं. डॉक्टरचं नाव मात्र तिनंच काढायला सांगितलं. तिच्याकडे सोनोग्राफीचा रिपोर्ट नव्हता, बिल नव्हतं, डिस्चार्ज कार्ड पुरात वाहिलेल्या ट्रंकेत गेलं होतं. कागद नसताना डॉक्टरचं नाव घेतलं आणि त्यानं अब्रुनुकसानीची नोटीस पाठवली तर तिनं वकील कुठून आणायचा, हे मी तिच्यापुढे ठेवलं होतं. लेकीचा उल्लेख नको, फोटो नको, टोळी कुठल्या कारखान्याला जाते ते नको, हेही तिचंच. त्या पत्रकारानं सगळं मान्य केलं आणि छापण्याआधी तिचा मजकूर फोनवर, मराठीत, तिला वाचून दाखवला. एका वाक्यात नवऱ्यानं जबरदस्ती केल्यासारखा अर्थ निघत होता. ती म्हणाली, "त्यानं जबरदस्ती न्हाई केली, तो बी भ्यालाच होता." वाक्य बदललं. बातमी आल्यावर मुकादम आला आणि टोळीची बदनामी केली म्हणून आवाज चढवू लागला. तिनं पेपर त्याच्यापुढे धरला आणि विचारलं, "यात तुझं नाव कुठंय?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं. आणि नणंदेला घरच्यांनी बीडच्या सिव्हिलला नेलं. औषधांवर तिचं दुखणं आटोक्यात आलं.

सगळ्यांचं असं होत नाही. दुसरी एक बाई बचत गटाच्या बैठकीत तावातावानं बोलली. "आना बोलावून टीव्हीवाल्याला, समदं सांगते." टीव्हीची माणसं रात्रभर प्रवास करून आली, त्या सकाळी ती दारातच म्हणाली, "ताई, नगं वाटतंय." कारण सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. बैठकीत दहा जणी सोबत असताना आलेला धीर सकाळी एकटीला पुरत नाही, हे मला समजत होतं. आलेली माणसं नाराज झाली. एवढ्या लांबून आलोय, निदान पाठमोरी तरी घेऊ द्या, म्हणाली. मी नाही म्हटलं आणि ऐन वेळी दुसरी बाई शोधून देण्यालाही नकार दिला. कॅमेरा दाराशी असताना मागितलेला होकार हा होकार नसतो. बैठकीत हो म्हणालेली बाई सकाळी नाही म्हणू शकते, मुलाखत अर्धी झाल्यावर नाही म्हणू शकते, आणि मजकूर छापायला जाईपर्यंत नाही म्हणू शकते. हे तिला आधीच, स्पष्ट शब्दांत सांगायला हवं. नाही तर समोर बसलेल्या शिकलेल्या माणसांच्या भिडेखातर ती सगळं बोलून टाकते आणि नंतर महिनाभर धास्तावून राहते.

हंगामात होकार घेणं त्याहून कठीण. पत्रकारांना फोटो फडातला हवा असतो, म्हणून ते डिसेंबर-जानेवारीत जातात. तिथे बाई मोळ्या बांधत असते, मुकादम दहा हातांवर उभा असतो, गाडी भरायची घाई असते. अशा ठिकाणी ती जे बोलते ते मुकादमाला ऐकू जाणार आहे हे धरूनच बोलते, आणि उचल फिटेपर्यंत तिला तिथून निघता येत नाही. तिच्याशी बोलायचं असेल तर मे-जूनमध्ये गावी यावं. तेव्हा ती घरी असते, मनाजोगता वेळ देते, आणि हंगामाला अजून चार महिने असल्यानं विचारही करू शकते. ऊस तोडतानाचा फोटो हवाच असेल तर तो दुसऱ्या कुणाचा, तिच्या गोष्टीशी न जोडता घ्यावा.

नाव बदललं आणि चेहरा पुसट केला की ओळख लपते, असं शहरात वाटतं. गावात बाई ओळखू येते ती लुगड्यावरून, दाराच्या रंगावरून, अंगणातल्या शेळीवरून, बोलण्याच्या लकबीवरून. व्हिडिओ गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो आणि तिचा मुलगा शाळेतून परतायच्या आत सगळ्यांनी पाहिलेला असतो. पेपर निदान रद्दीत जायचा. यूट्यूबवरची क्लिप लेकीच्या लग्नातही निघू शकते. यावर मला एका कायद्याची मोठी मदत झाली. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पॉक्सो कायद्याचं कलम 23 माध्यमांना बालकाचं नाव, पत्ता, फोटो, घरची माणसं, शाळा, शेजार, यांपैकी काहीही उघड करू देत नाही. कायदा बालकांसाठी आहे, पण ओळख कशाकशातून फुटते याची तेवढी नेमकी यादी मला दुसरीकडे मिळाली नाही. ती समोर ठेवून आम्ही मोठ्या बाईचीही तयारी करतो. चित्रीकरण घरी करायचं नाही, शेजारच्या गावी किंवा आमच्या ऑफिसात करायचं. आवाज बदलायचा. वय, मुलांची संख्या, तालुका आणि कारखाना या चारही गोष्टी एका बातमीत येऊ द्यायच्या नाहीत, कारण चार जुळल्या की गाव पाचवी स्वतः जोडतं.

फडावर अत्याचार झालेल्या बाईची गोष्ट वेगळी, आणि ती मी फार जपून हाताळते. पोलीस ऐकत नाहीत, मग टीव्हीवर जाऊ, असं घरचे संतापून म्हणतात तेव्हा कायद्यानं तिला काय दिलं आहे ते आधी सांगावं लागतं. तिचं नाव न छापण्याच्या संरक्षणाचा इतिहास महाराष्ट्राचाच आहे. 1972 साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयात आरोपी पोलीस सुटले, 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. पीडितेचं नाव छापण्याला गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेचं कलम 228 अ त्याच दुरुस्तीत आलं. त्या मुलीचं स्वतःचं नाव मात्र तोवर सगळ्यांच्या तोंडी झालं होतं आणि कायद्याच्या पुस्तकांत ते आजही आहे. मी ते इथे लिहीत नाही. कलम 228 अ आता भारतीय न्याय संहितेत कलम 72 आहे. डिसेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आणखी बजावलं, की नुसतं नावच काय, ओळख पटेल असा कुठलाही तपशील देता येणार नाही. सज्ञान बाई स्वतःच्या इच्छेनं लेखी संमती देऊ शकते. तिच्या नवऱ्याची किंवा बापाची संमती तिच्या जागी चालत नाही. एवढं कळल्यावर बाईला जरा मोकळं वाटतं. मग आधी गुन्हा नोंदवणं, वैद्यकीय तपासणी, विधी सेवा प्राधिकरण, मनोधैर्य योजनेतली मदत, हे मार्गी लावता येतं. टीव्हीचा विचार त्यानंतरही करता येतो. तो थांबला म्हणून तिचं काही बिघडत नाही.

पिशवी काढलेल्या बाईसाठी असं कुठलंही कलम नाही. तिचं नाव, फोटो, दुखणं, सगळं कुणीही छापावं, फक्त ती हो म्हणाली पाहिजे. तिचं संरक्षण एवढं एकच आहे, तिचा होकार. म्हणून तो कसा घेतला, कुठे घेतला, तेव्हा शेजारी कोण होतं आणि नाही म्हणायला तिला वेळ होता का, याची चौकशी मला बातमीतल्या कुठल्याही तपशिलाइतकीच महत्त्वाची वाटते. ज्या पत्रकारांनी हे मनापासून पाळलं, त्यांची बातमी कधी उणी पडली नाही. ते एकदा नुसते भेटायला आले आणि दुसऱ्यांदा लिहायला आले. "तेव्हा कसं वाटलं?" असं विचारण्याऐवजी दवाखान्यात किती पैसे गेले, ते कुठून आणले, ऑपरेशननंतर किती दिवसांनी पुन्हा मोळी उचलली, असं त्यांनी विचारलं. अशा प्रश्नांची उत्तरं बाई ताठ बसून देते. छापलेला पेपर त्यांनी तिच्या घरी पोचवला.

आणि ज्या शेवटपर्यंत बोलल्या नाहीत त्यांच्याबद्दलही मला सांगायचं आहे. माझ्या ओळखीची एक मावशी कुठल्याही पत्रकाराला भेटली नाही. तिच्याइतकं तपशीलवार सांगणारी दुसरी बाई गावात नव्हती, हे मला माहीत होतं, आणि चांगल्या बातमीसाठी तिला आग्रह करावा असा मोहही समोर होता. मी आग्रह केला नाही. सर्वेक्षणाच्या वेळी आशाताई फॉर्म घेऊन तिच्या ओट्यावर बसली, तेव्हा तिनं वय, वर्ष, दवाखाना, खर्च, सगळं सांगितलं आणि जवळ जपून ठेवलेले कागदही काढून दाखवले. वर म्हणाली, "सरकारला सांगायचं ते सांगितलं. पेपरात कशापायी?" त्या 13,861 मध्ये ती एक आहे. धोरण बदललं त्यात तिचाही वाटा आहे आणि तो कॅमेऱ्यासमोर बोललेल्या बाईपेक्षा तसूभरही कमी नाही. बोलायला नकार देणारी बाई चळवळीला मागे ओढते, असं कार्यकर्त्यांच्या बैठकांत कधीकधी ऐकू येतं. मला ते मान्य नाही. दुखणं सोसलं तिनं, आणि ते जगाला दाखवायचं कर्जही तिच्यावरच चढवायचं, हा अन्याय आपल्या हातून तरी होऊ नये.

येत्या दसऱ्याला पुन्हा टोळ्या निघतील आणि पुन्हा फोन येतील. जी बोलू म्हणेल तिच्याबरोबर मी बसेन, मजकूर वाचून होईपर्यंत थांबेन, आणि बातमीनंतर दारात येणाऱ्या माणसाला तोंड द्यायलाही तिच्याजवळ असेन. जी नाही म्हणेल तिचं नाव, गाव, काहीही माझ्याकडून मिळणार नाही. तेव्हा पत्रकारांना माझं सांगणं आहे, की बाई मिळाली नाही म्हणून विषय सोडून परत जाऊ नका. या जिल्ह्यात ऑपरेशनला परवानगीची अट लागू होऊन वर्षं झाली. ती किती वेळा मागितली गेली, किती वेळा नाकारली गेली, परवानगीशिवाय ऑपरेशन करणाऱ्या किती दवाखान्यांवर कारवाई झाली, याच्या नोंदी सरकारकडे असायला हव्यात. माहितीच्या अधिकारात त्या मागू. अर्ज लिहायला मी तुमच्याबरोबर बसते.